दोन सेकंदांची ओळ

चाचणीसाठी आज जुनी सिरीयल केबल कपाटातून काढली. तिच्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग अजून तसेच आहेत.

ही केबल रावेरच्या वजनकाट्यावरची. काटा माझे वडील, नाना, सांभाळायचे. काट्याचा आकडा केबलमधून कॉम्प्युटरपर्यंत आणणारा ड्रायव्हर प्रोग्राम मी लिहिला होता, थेट कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात. पहिल्याच दिवशी केळीचा ट्रक काट्यावर चढला आणि तो हलत असतानाच पावती छापून बाहेर आली. नानांनी ती फाडली. ट्रकवाला खाली उतरेपर्यंत, काट्याच्या फळ्यांची करकर थांबेपर्यंत ते नुसते उभे राहिले. मग मला म्हणाले, "घाई नको करू, भाऊ. काट्याले आधी ठरू दे."

ट्रकवाल्यासमोर बोलले, याचाच मला राग आला. मी ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली: दोन सेकंद थांब. तिची जागा खरं तर तिथं नव्हती, पण पुढे ती आमच्या कंपनीच्या प्रत्येक यंत्रात तशीच गेली.

आता तो ड्रायव्हर सोपा करायचा आहे. शेजारी बसणाऱ्या अश्विनीनं विचारलं, "सर, हे थांबणं कशासाठी?"

"जुनं आहे," मी म्हणालो आणि ओळ पुसली.

काही वाटलं नाही. नाना गेल्याचा फोन आला तेव्हाही मी "बरं" म्हणून पुढचं काम उघडलं होतं.

चाचणी सुरू केली. आकडा लगेच आला.

"झालं की, सर," अश्विनी म्हणाली.

मी आकड्याकडे बघत होतो, तो ठरायची वाट बघत.