गायकवाड सरांची पाचची एसटी

आमच्या धाराशिवच्या शाळेत दोन गोष्टी आपोआप साठतात. कपाटावर जुने पेपर आणि स्टाफरूममध्ये गायकवाड सरांचे किस्से! पेपर निदान रद्दीत तरी जातात.

सर तामलवाडीहून ये-जा करायचे. कार्यक्रम कुणाचाही असो, पाचची एसटी गाठायला मधूनच उठायचे. घरी म्हातारी आई. सर आल्याशिवाय ती घास तोंडात घालायची नाही. आता हे यजमानाला कुठं ठाऊक! तो हात धरायचाच, "जेवल्याबिगर कोण जातंय व्हय?"

*

आमच्या शिपाईमामांच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडल्या आणि सर हळूच मंडपाबाहेर सटकले. तेवढ्यात माइकवरून पुकारा, "गायकवाड सर जिथं असतील तिथून यावं, फेटा बांधायचा राहिलाय!"

सर परत आले, फेटा बांधून घेतला आणि तसेच स्टँडकडं पळाले. कंडक्टरनं त्यांना खालीवर बघितलं. म्हणाला, "मामा, लग्न तिकडं राहिलं की!"

*

मग शिंदे मॅडमनी युक्ती सांगितली. "सर, सगळ्यांचा निरोप घेत बसू नका. घरातल्या एकाच मोठ्या माणसाला सांगायचं आणि निघायचं."

पुढच्याच बारशाला सरांनी थेट बाळाच्या पणजोबांना गाठलं. पणजोबा काठी घेऊन उठले. "पाव्हण्याला स्टँडवर सोडल्याबिगर कसं जमंल?" दोघं पणजोबांच्या चालीनं निघाले. पोचेपर्यंत एसटी गेली. पणजोबा खूश! सरांना परत जेवायला घेऊन आले.

आम्ही पोट धरून हसलो. सर मात्र हसले नाहीत. "आई उपाशी बसली असंल," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

यंदा सर रिटायर झाले. स्वतःच्या निरोप समारंभातून तरी त्यांनी उठू नये, म्हणून शिंदे मॅडम आणि मी सकाळीच जीप घेऊन तामलवाडीला गेलो आणि आईंनाच घेऊन आलो. पहिल्या रांगेत बसवलं. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला!

पाच वाजून गेले. सरांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. हेडमास्तरांचं भाषण रंगात आलं होतं. एवढ्यात आई उठल्या, पदर सावरला.

"येते बरं का. म्या दिसल्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाय."

सरांनी स्टेजवरून उतरून त्यांचा हात धरला.

"बस गं आई! जेवल्याबिगर कोण जातंय व्हय?"