इटलीच्या बाटलीवर उपचार

पनवेलात इटलीची दारू दुरुस्त करणारा वैद्य बहुधा मी एकटाच.

दारूबंदीचे दिवस होते. माझा मेहुणा सदा बोटीवर हंगामी खलाशी होता. तिथल्या इटालियन इंजिनिअर साहेबानं शिफारस केली तर त्याची नोकरी कायम होणार होती. म्हणून सदानं साहेबाला रविवारी आमच्याकडे जेवायला बोलावलं. साहेबाकडे परमिट होतं. त्यानं आपल्या गावच्या लाल वाइनची एक बाटली सदाबरोबर आधीच पाठवली. (वैद्याच्या कपाटात एक लाल बाटली जास्त दिसली तर कोण विचारतो?)

“भावोजी, थंडाव्याला ठेवा,” सदा म्हणाला. “सायबच उघडील. तुमी हात नका लावू.”

मी हात लावणार नव्हतो. पण बुचाला तार बांधलेली दिसली आणि माझ्यातला वैद्य जागा झाला. आसवाचं बूच बांधून ठेवावं लागलं, म्हणजे आसव बिघडलं. हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. तार सोडली, तर बूच थेट कौलांना लागलं आणि फेस माझ्या धोतरावर. चमचाभर चाखून पाहिली. द्राक्षाची म्हणे, आणि गोडीचा पत्ता नाही! वर तुरट. निदान पक्कं झालं.

सदाला आधी विचारा, असं बायको परोपरीनं सांगत होती. आसवातलं खलाशाला काय कळतं, म्हणत मी बाटली पातेल्यात ओतली. गूळ घातला, सुंठ घातली आणि शेवटचा बुडबुडा मरेपर्यंत मंद आचेवर ठेवली. फुगलेलं बूच चाकूनं तासून पुन्हा बसवलं, वर तारही बांधली.

रविवारी साहेब खोकत खोकत आला. पानात तळलेली मांदेली पाहून खूश झाला. सदामार्फत मला समजावू लागला, की खारट-तेलकटाबरोबर हीच वाइन हवी. हिचा फेस आणि तुरटपणा जीभ धुऊन काढतो, गोड असती तर मासळीचा सत्यानाश झाला असता.

साहेबानं बूच काढलं. आवाज नाही. ओतली. फेस नाही. एक घोट घेऊन त्यानं सदाकडे पाहिलं. सदाचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्या पोराची फार दया आली आणि मी मांदेलीचे काटे निवडू लागलो.

“आमच्या ह्यांनी तिचा काढा केलाय,” बायको म्हणाली आणि तिनं सोलकढीची वाटी पुढे सरकवली.

साहेबानं मांदेलीवर सोलकढी पिऊन पाहिली, मान डोलावली आणि वाटीमागून वाटी रिचवली. जाताना खोकल्यासाठी म्हणून ती बाटलीही घेऊन गेला. सदा कायम झाला. पुढच्या खेपेला त्यानं निरोप आणला: सायबाचा खोकला गेला, तसाच काढा आणखी हवा हाय.

माझ्या सगळ्या वैद्यकीत पुन्हा मागणी आलेलं औषध तेवढं एकच. त्यातला गूळ आणि सुंठ तेवढी माझी.