शेड्यूल बंद होतं, तरी मेसेज गेला

कोणी कारण न सापडणारे अनुभव सांगायला लागलं की मी विषय बदलायचो. मी वेबसाइट बनवणारा माणूस... मशीन सांगितलं तेवढंच करते, यावर माझं पोट चालतं. तरी हे लिहितोय.

२००९ चा पावसाळा. चंद्रपूरला माझं छोटंसं ऑफिस होतं. माझ्या बायकोचे मोठे भाऊ, देवरावभाऊ, चामोर्शीच्या बाजूला वैनगंगेत मासे धरतात. त्यांच्या मच्छीमार सोसायटीची वेबसाइट मी सांभाळायचो. धरणाचं पाणी सुटणार असलं की सूचना आधीच लिहून वेळ लावून ठेवायची. त्या वेळेला ती साइटवर चढायची आणि सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जायचा. पण त्या दिवसांत मेसेज तासन्‌तास उशिरा जात होते.

त्या दुपारी मी तेच दुरुस्त करायला बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळची सूचना लावलेली होती – ‘पाणी सोडत आहे, नदीतून बाहेर या.’ काम करताना चुकून जाऊ नये म्हणून शेड्यूलच बंद केलं. तेवढ्यात लाइट गेली, म्हणून घरी जेवायला गेलो.

जेवताना देवरावभाऊंचा फोन.

“भाऊजी, तुमचा मेसेज आला म्हणून आमी डोंगे काठाले लावले. आता पाणी चढून राह्यलं.”

“मी नाही पाठवला, भाऊ. पाणी तर उद्या सुटणार होतं.”

“वर पाऊस लय झाला म्हणते, आजच सोडलं. आमी नदीच्या मधातच होतो न...”

बायकोने फोन घेतला, भावाचा आवाज ऐकला आणि खाली बसून रडायलाच लागली.

लाइट आल्यावर पाहिलं – शेड्यूल बंदच. सूचना उद्यासाठी तशीच थांबलेली. बगही, म्हणजे उशीर करणारी चूकही सापडली; परदेशातल्या सर्व्हरचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या मागे होतं. ते नीट केलं, नंतर एकही मेसेज चुकला नाही. पण त्या बगमुळे मेसेज उशिरा जायचा... आदल्या दिवशी कसा जाईल? मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला विचारलं, तर त्यांच्याकडूनही गेला नव्हता. आणि पुढे गावी गेलो तेव्हा देवरावभाऊंच्या मोबाइलमध्ये मी तो स्वतः वाचला. शब्द न शब्द माझाच.

“याचं कारण मला अजून कळलं नाही, भाऊ,” मी म्हणालो. आजही कळलेलं नाही.

“नाई कळलं तं राहू द्या,” ते मासा वाढत म्हणाले. “मी घरी आहो न. जेवा तुमी.”