सेवकाचा चहा

लॉकडाऊनमध्ये मी कॉलेजातून अड्याळजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा बाहेरून आलेल्या आम्हा सगळ्यांना शाळेत वेगळं ठेवलं होतं. आई रोज फाटकाबाहेरून मला पाहून जायची. अखेर त्या दुपारी माझी सुटका होणार होती.

सकाळी देशाचे मोठे नेते टीव्हीवर म्हणाले, मी तुमचा सेवक आहे. ते सरपंचांच्या मनाला इतकं भिडलं, की ते स्वतःच चहाची किटली घेऊन आत आले. अंतर राखायला आखलेल्या चुन्याच्या गोलांत बसलेले आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

"बसा ना बापा, मी सेवक आहो तुमचा!"

"तुमी उभे अन् आमी बसून चहा प्याचा? पाप लागन ना जी!" असं म्हणत कालच मुंबईहून आलेले एक काका त्यांच्या पाया पडले. मग रांगच लागली. मीही पडलो.

आमच्या तब्येतीवर लक्ष ठेवणाऱ्या आशाताईंनी दारातून हे पाहिलं आणि फाटकाला कुलूप लावलं. सरपंचांसकट सगळ्यांची चौदा दिवसांची मुदत नव्याने सुरू झाली.

"काहून रे, आज तं सोडनार होते ना?" मला न्यायला आलेल्या आईने फाटकाबाहेरून विचारलं. मी कुलुपाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात शाळेतल्या एकुलत्या खुर्चीवर बसून, आम्ही ओतून दिलेला चहा पीत सरपंच मागून ओरडले, "घाबरू नका वहिनी, मी आहो ना सेवेले!"