हलगी ऐकायला आलेला जर्मन

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. साठच्या दशकात एक जर्मन पत्रकार हलगीवर लिहायला उंब्रजला आला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषा मीच. कुणाचंही बोलणं ऐकताना तो डोळे मिटायचा आणि पेन्सिलीनं गुडघ्यावर ठेका धरायचा.

हलगीवाले म्हातारबा काही वर्षांपूर्वी बौद्ध झाले होते. पाटील त्यांच्यावर ओरडले, "वाजव की रं! सायब लय लांबनं आलाय."

म्हातारबा माझ्याकडे वळले. "आवं गुरुजी, सांगा त्येला. हलगी मी कृष्णेत सोडली. हात अजून धड हायेत, पर आता कुनाच्या दारात वाजवनार न्हाई."

परक्यासमोर गावाची अब्रू जाईल म्हणून मी इंग्रजीत म्हणालो, "ते वाजवायला विसरलेत."

पेन्सिल थांबली. "एवढं बोलले, आणि अर्थ इतकाच?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली. त्यानं तेच छापलं.

वर्षभरानं त्याचं पत्र आलं. 'तो चेहरा विसरलेल्या माणसाचा नव्हता. ते खरं काय म्हणाले? मी दुरुस्ती छापीन.'

'माझं चुकलं, माफ करा,' असं मी तीनदा लिहिलं. पेटीत एकदाही टाकलं नाही.