मुतखड्याचं पथ्य

बेलकुंड मागं पडलं आणि अण्णा पुन्हा रस्ता सोडून बाभळीच्या आडोशाला गेले. मी पाठ करून दगडावर टेकले. आमच्या बरोबरच्या बाया "आई राजा उदे उदे" म्हणत वळणाआड दिसेनाशा झाल्या. अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरला चालत जायचा आमच्या माहेरचा नेम. त्या वर्षी अण्णांनी फोन करून मला सासरहून, नायगावहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

बराच वेळ गेला. परत आले तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"खडा लईच छळतोय का?" मी विचारलं.

"हाव," म्हणाले आणि चालू लागले.

अण्णा म्हणजे शेषेराव, माझा थोरला भाऊ. आमचं माहेर औशाजवळ. गावात कुणाचंही लग्न असो, पंगतीत आग्रह करायला अण्णाच लागायचे. बुंदीचं घमेलं घेऊन ओळीतून फिरायचे, आणि कुणी ताटावर हात आडवा धरला की म्हणायचे, "हात काढ, न्हाईतर हातावर वाढतो." असा माणूस वर्षभरात वाळून गेला होता. लघवीला अडतंय म्हणून ते एकटेच लातूरला दाखवायला गेले, आणि येऊन घरात सांगितलं, मुतखडा निघाला.

मग काय, गावात ज्याला त्याला मुतखड्याचं औषध ठाऊक. सिंधुवहिनी रोज सकाळी कुळथाचं पाणी द्यायच्या. कुणी पानफुटीची पानं आणून दिली. त्यांचा दोस्त पंचाक्षरी पिशवीत बिअरची बाटली घेऊन आला. म्हणाला, "शेषेराव, हे दारू म्हणून न्हाई, औषध म्हणून." अण्णांच्या गळ्यात कवड्यांची माळ. त्यांनी त्याला उंबऱ्यातूनच परत लावलं. टमाट्यानं खडा वाढतो असं कुणीतरी सांगितलं, तर वहिनींनी परसातली लगडलेली टमाट्याची झाडं उपटून टाकली. बाईनं दुसरं काय करावं? नवऱ्याचं पथ्य ती देवाच्या सोवळ्यासारखं पाळत होती.

उजनीच्या अलीकडं चालत जाणाऱ्यांसाठी गावकऱ्यांनी जेवणाचा मांडव घातला होता. भाकरी आणि टमाट्याची रस्साभाजी. अण्णांनी भाजी मागून घेतली. पुन्हा घेतली. मग पोळलेल्या तोंडानं नुसताच रस्सा प्यायला लागले.

"अण्णा, अहो टमाटे! मुतखड्याला चालत न्हाईत."

त्यांनी वाटी खाली ठेवली. आजूबाजूला बघितलं. वाढणारी बाई पुढं सरकली तेव्हा म्हणाले, "मुतखडा न्हाई बाई. कॅन्सर हाय. खालचा. प्रोस्टेटचा."

मी ताट बाजूला सारून त्यांच्याजवळ सरकले.

"गावात कसं सांगू? असल्या जागचा रोग. पारावर बसायची सोय राहिली नसती. तपासून बाहेर पडताना तोंडात मुतखडाच आला. घरी आलो, तेच बोललो."

लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना नीट बसवून सांगितलं होतं. टमाटे शिजवून खा, कोबी-फ्लॉवर खा, डाळी आणि सोयाबीन खा. तूप, मटण कमी करा, दूध बेतानं घ्या, रोज चाला. यानं रोग बरा होत नाही, कदाचित त्याची चाल थोडी मंदावेल, तेही खात्रीनं सांगता येत नाही. पण ठरल्या तारखेचं हार्मोनचं इंजेक्शन मात्र चुकवायचं नाही.

"आन् मी काय खाल्लं? कुळीथ," अण्णा म्हणाले. हसायला गेले, पण हसू फुटलं नाही. "सिंधूला म्हणलं, पिठात सोयाबीन दळून आण. ती म्हणली, ते तेलाच्या मिलला घालायचं आसतंय, माणसाच्या ताटात न्हाई. फ्लॉवर आणला तर खड्याला वाईट म्हणून म्हशीला टाकला. तिला कोणत्या तोंडानं बोलू? वर्षभर माझंच खोटं ती मला शिजवून घालूलाली."

"इंजेक्शनचं काय केलात?"

"एक घेतलं. अंगातून वाफा निघायल्या, छाती बाईवाणी दुखायली. पुन्हा जायचं तर घरात काय सांगावं? खड्याला कुणी इंजेक्शन घेतंय व्हय सारखं?" मग म्हणाले, "आता हाडात गेलाय. परवा जाऊन आलो. डॉक्टर रागावला न्हाई. रागावला आसता तर बरं वाटलं आसतं."

आम्ही उठलो. दोन्हीकडं सोयाबीन काढलेली मोकळी रानं, मधूनच मळणीयंत्राचा धुराळा. एवढं पिकतं, आणि एक मूठ घरच्या पिठात गेली नाही. ती गेली असती तर अण्णा वाचले असते, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण खरं नाव घरात आलं असतं तर इंजेक्शन चुकलं नसतं, एवढं मला कळतं. अण्णा पुढच्या चैत्रात गेले. घरातल्यांनी वाचावं म्हणूनच हे लिहिते आहे.

त्या दिवशी चालताना मी तुळजापूरच्या आईचं नाव घेत होते, पण काय मागावं ते सुचेना. बरं कर म्हणायची वेळ निघून गेली होती. शेवटी, यांना फार दुखू देऊ नको, एवढंच म्हणत राहिले.

"शिवमला तरी सांगा," मी म्हणाले. शिवम त्यांचा एकुलता एक मुलगा, चाळिशीचा, बाहेरगावी असतो.

"त्याच्यासाठीच बोलावलंय तुला." अण्णा थांबले. "डॉक्टर म्हणला, बापाला आसला की पोराला भ्याव जास्त. रक्तातनं येऊ शकतंय. त्यानं वेळेत रक्त तपासून घ्यावं म्हणला."

"मग आजच फोन लावा."

"न्हाई जमत गं. फोन हातात घेतो, ऊस-पाण्याचं बोलतो, ठेवून देतो. पोराला कसं सांगू, तुझा बाप असल्या रोगानं चाललाय?"

माझे सासरे माधवराव नव्वदी ओलांडून झोपेत गेले. कधी डोकं दुखलं नाही त्यांचं, आणि शिवमशी त्यांचं रक्ताचं नातंही नाही. अण्णांना ते ठाऊक होतं, त्यांच्या तिरडीला खांदा दिला होता त्यांनी.

पुन्हा कळ आली असावी. काठीवर वाकून, माझ्याकडं न बघता अण्णा म्हणाले, "तू सांग शिवमला, तपासून घे म्हण. माझं नाव काढू नको. माधवरावांला झालता म्हण."