गाडीच्या पोटातलं लाल नेलपॉलिश

नेलपॉलिशच्या वासाने मला आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचं पार्किंग आठवतं. आयटी कंपनीत मी रुजू होण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, बाबा आमच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलत होते. इंजिनचं कव्हर काढून फरशीवर ठेवलेलं, ऑइलचा उग्र वास, आणि टपावर आईने आणून दिलेली पोह्यांची बशी निवत चाललेली. पट्टा ज्या दातेरी चाकांवर बसतो, त्यांवरच्या जुळणीच्या खुणा पार पुसल्या होत्या. पट्टा एक दात जरी चुकला तर इंजिन गेलंच. तेलकट लोखंडावर खडू काही टिकेना. शेवटी मी दुसऱ्या दिवसासाठी आणलेली लाल नेलपॉलिशची बाटली त्यांच्यापुढे धरली. ते चाकावर अलगद ठिपका देत असतानाच वरच्या गॅलरीतून शेजारचे काका म्हणाले, "काय हो, गाडीला बघायला पाहुणे येतायत वाटतं?" बाबांनी मानही वर केली नाही. "मुलगी उद्या नोकरीला निघालीय. गाडीने नटू नये?" उरलेलं नेलपॉलिश मी लावलं आणि सोमवारी त्याच गाडीतून ऑफिसला गेले. बाबा गेल्यावर, आत्ता परवा, गाडी विकायला काढली. मेकॅनिकने कव्हर उघडलं. माझ्या नखांवरून आठवडाभरात उडालेला तो रंग आत अजून तसाच लाल होता.